तेच दोन मँचेस्टर, तोच २-१: एफए कपच्या दोन फायनल आणि तिथवरच्या वाटा

"गुंदोआनने बाराव्या सेकंदाला गोल मारला, ती फायनल युनायटेडने काढली ना शेवटी?" हा प्रश्न मला फुटबॉल नेमाने बघणाऱ्यांनीसुद्धा विचारलाय. गल्लत होणं साहजिक आहे. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, फायनलला मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेडच समोरासमोर होते. दोन्ही वेळा मैदान लंडनच्या वेम्बलीचं आणि निकाल २-१. गुंदोआनची फायनल २०२३ ची, ती सिटीने जिंकली. पुढच्या वर्षी कप युनायटेडने नेला.

नुसत्या फायनल आठवून ही दोन वर्षं वेगळी करता येत नाहीत. वाटा आठवल्या की लगेच वेगळी होतात.

वाट ठरते कशी, ते आधी. प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवरचे क्लब एफए कपमध्ये तिसऱ्या फेरीपासून, म्हणजे जानेवारीत उतरतात. कप उचलायला सहा फेऱ्या पार कराव्या लागतात. इथे मानांकन नसतं. फेरीगणिक चेंडू काढून जोड्या लागतात आणि ज्याचा चेंडू आधी निघेल त्याला घरचं मैदान मिळतं. उपांत्य सामने मात्र दोन्ही वेम्बलीवरच. त्यामुळे कोणाशी गाठ पडणार आणि कुठे खेळणार, दोन्ही नशिबाच्या हाती.

२०२३ ला युनायटेडला हे नशीब असं पावलं की उपांत्य फेरीपर्यंत त्यांना ओल्ड ट्रॅफर्ड सोडावंच लागलं नाही. एव्हर्टन, रेडिंग, वेस्ट हॅम, फुलहॅम असे चार सामने घरी झाले आणि चारही ३-१ ने जिंकले. (याच क्लबने १९९० मध्ये घरी एकही सामना न खेळता हाच कप जिंकला होता. दोन टोकं एकाच क्लबच्या इतिहासात आहेत.) चारांतला फुलहॅमचा सामना मात्र नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यात फुलहॅमच पुढे होतं. मग त्यांच्या विलियनने गोलकडे जाणारा चेंडू हाताने अडवला, मित्रोविचने रेफरीला ढकललं, आणि प्रशिक्षक मार्को सिल्वा धरून तिघांना मिनिटभरात लाल कार्ड दिसलं. त्यानंतर युनायटेडचे तीन गोल झाले. उपांत्य सामन्यात ब्रायटनने त्यांना १२० मिनिटं गोल करू दिला नाही. शूटआउटमध्ये, म्हणजे पेनल्टींवरच्या निकालात, दोन्हीकडचे पहिले सहाही गोल झाले, सातवी पेनल्टी ब्रायटनच्या सॉली मार्चने बारवरून घालवली आणि युनायटेडच्या लिंडेलॉफने काम संपवलं.

सिटीची त्या वर्षीची वाट सांगायला एक ओळ पुरते: पाच सामने, १७ गोल केले, एकही खाल्ला नाही. चेल्सी ४-०, आर्सेनल १-०, ब्रिस्टल सिटी ३-०, बर्नली ६-०, शेफील्ड युनायटेड ३-०. शेवटच्या सामन्यातले तिन्ही गोल महरेझचे. त्या मोसमात सिटीच्या जाळ्यात कपमधला पहिला गोल गेला तो थेट फायनलमध्ये, ब्रुनो फर्नांडिसच्या पेनल्टीवर. तोपर्यंत गुंदोआनने एक मारून ठेवला होता, दुसराही त्यानेच मारला.

"सिटीला सोपी वाट मिळाली" असं तेव्हा बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. त्यांच्या पाच प्रतिस्पर्ध्यांत प्रीमियर लीगचे दोनच होते आणि युनायटेडच्या वाट्याला चार आले, हे खरं. पण ते दोन म्हणजे चेल्सी आणि आर्सेनल, तेही पहिल्या दोन फेऱ्यांत, आणि आर्सेनल तर त्या वेळी लीगमध्ये अव्वल होतं. तो सामना सिटीच्या आकेच्या एका गोलवर सुटला.

आता २०२४. गणित अगदी उलटं झालं. या वेळी प्रीमियर लीगचे चार प्रतिस्पर्धी सिटीच्या वाट्याला आणि दोन युनायटेडच्या.

सिटीने हडर्सफील्डला घरी ५-० ने हरवलं. मग टॉटनहॅमच्या नव्या मैदानावर गेले. तिथे आधीच्या पाचही भेटींत सिटी हरली होती आणि एकही गोल करू शकली नव्हती. ८८ व्या मिनिटाला पुन्हा आके धावून आला, १-०. लुटनमध्ये ६-२, त्यात एकट्या हालंडचे पाच आणि त्यातल्या चारांना पास डी ब्रुयनाचा. न्यूकॅसल २-०. चेल्सीविरुद्धचा उपांत्य सामना माझ्या मते या वाटेतला सगळ्यात अवघड. त्याआधी तीनच दिवस सिटी चॅम्पियन्स लीगमधून रेआल माद्रिदकडून शूटआउटमध्ये बाहेर पडली होती आणि बर्नार्डो सिल्वाने आपली पेनल्टी सरळ गोलरक्षकाच्या हातात दिली होती. पाय जड, मन त्याहून जड. चेल्सीने संधी घालवल्या आणि ८४ व्या मिनिटाला गोल केला तो बर्नार्डोनेच.

युनायटेडची वाट मात्र कागदावर वाचून काही कळत नाही, ती बघायलाच हवी होती. लीगमध्ये हा संघ आठवा आला, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनची तोवरची सर्वात खालची जागा. पहिल्या तिन्ही फेऱ्या परक्या मैदानांवर. विगनला २-०. मग चौथ्या पातळीवरच्या न्यूपोर्टकडे १३ मिनिटांत २-० आघाडी घेतली आणि ती घालवलीसुद्धा. २-२ वरून कसाबसा ४-२. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे ८९ व्या मिनिटाला कासेमिरोचं हेडर, १-०. मग ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूल. ८७ व्या मिनिटापर्यंत युनायटेड मागे, जादा वेळेत पुन्हा मागे, आणि १२१ व्या मिनिटाला आमाद डिआलोचा गोल, ४-३. आनंदात त्याने जर्सी काढली, दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. एकाच मिनिटात नायक आणि हकालपट्टी, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उपांत्य सामना कव्हेंट्रीशी, म्हणजे दुसऱ्या पातळीवरच्या क्लबशी. त्यांचे प्रशिक्षक होते मार्क रॉबिन्स. १९९० च्या त्या बिनघरच्या मोहिमेत फॉरेस्टविरुद्ध युनायटेडचा एकमेव गोल त्यांचाच होता, आणि त्या गोलने युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांची नोकरी वाचली असं आजही मानलं जातं. ७० मिनिटांनंतर युनायटेड ३-० पुढे. मग कव्हेंट्रीचे सिम्स, ओ'हेअर, आणि भरपाई वेळेत राइटची पेनल्टी: ३-३. जादा वेळेच्या अगदी शेवटी टॉर्पने चौथाही मारला. कव्हेंट्रीचे लोक वेडे झाले. मग व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या रेफरींनी) रेषा आखल्या आणि राइट बोटभर ऑफसाइड निघाला. शूटआउट युनायटेडने ४-२ ने जिंकलं. त्या संध्याकाळी मला जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांचंच वाईट वाटत राहिलं. कव्हेंट्रीने त्या दिवशी फायनल कमावली होती असं मी आजही म्हणतो.

हिशेब मांडायचाच तर फायनलआधी सिटी ४५० मिनिटं खेळली होती आणि दोन गोल खाल्ले होते. युनायटेड ५१० मिनिटं खेळलं आणि आठ खाल्ले. सिटी नुकतीच सलग चौथ्यांदा लीग जिंकून आलेली. २५ मे रोजी मैदानावर उतरताना युनायटेडला फार कोणी धरतच नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला सिटीचा बचावपटू ग्वार्दिओल आणि गोलरक्षक ओर्तेगा यांच्यात गोंधळ झाला आणि रिकाम्या जाळ्यात युनायटेडच्या गार्नाचोने चेंडू ढकलला. ३९ व्या मिनिटाला ब्रुनोच्या पासवर कोबी मेनूने दुसरा मारला. सिटीच्या डोकूचा गोल ८७ व्या मिनिटाला आला, तोवर उशीर झाला होता. युनायटेडचे गोल करणारे दोघंही १९ वर्षांचे. त्यातल्या मेनूचा युनायटेडसाठीचा पहिलावहिला गोल चार महिन्यांपूर्वी झाला होता, न्यूपोर्टच्या त्या छोट्या मैदानावर.