फ्रेंच बुलडॉग

कुत्र्याची एक ठेंगणी, भारी हाडाची, आखूड मुस्कटाची सोबती जात. फ्रान्समध्ये ती ‘बुलेदोग फ्रान्से’ या नावाने नोंदली जाते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय) यादीत तिच्या प्रमाणकाचा (जातीच्या आदर्श लक्षणांच्या लेखी वर्णनाचा) क्रमांक 101 असून तिचा समावेश गट 9 मध्ये, म्हणजे सोबती व टॉय (अगदी छोट्या) कुत्र्यांत, केलेला आहे. जात फ्रान्समध्ये घडली, तिचे मूळ रक्त मुख्यतः इंग्लंडचे आहे आणि आज तिची ओळख ठरलेले उभे कान पक्के झाले ते अमेरिकेतील मालकांच्या आग्रहामुळे. त्यामुळे या तीन देशांतील लेखकांनी तिच्या उगमाचे श्रेय निरनिराळ्या प्रकारे वाटलेले दिसते.

उगम : इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ 1835 च्या कायद्याने बंद झाला. झुंजीचे काम संपल्यावर बुलडॉगचे लहान नमुने घरात पाळण्यासाठी निवडले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड, नॉटिंगहॅम इ. शहरांतील कारागिरांकडे असे ‘टॉय बुलडॉग’ होते. त्यांचे वजन साधारणतः 7 ते 11 किग्रॅ. असे. फ्रेंच बुलडॉगचा मुख्य पूर्वज हाच, याविषयी आता फारसा मतभेद नाही. ही कुत्री फ्रान्समध्ये कशी व केव्हा पोचली, यावर मात्र वाद आहे.

सर्वांत प्रचलित मत असे, की यंत्रांमुळे काम गेलेले नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर उत्तर फ्रान्समध्ये स्थलांतरित झाले आणि जाताना त्यांनी आपली छोटी कुत्री सोबत नेली. बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत हीच हकीकत येते. परंतु ती कालक्रमाशी नीट जुळत नाही. नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी लेसची यंत्रे चोरून उत्तर फ्रान्समधील कॅले येथे नेली ती 1816–17 च्या सुमारास, म्हणजे बैलझुंजीच्या बंदीपूर्वी सुमारे दोन दशके. उलट, 1848 च्या क्रांतीनंतर काम बंद पडल्याने कॅलेमधील अनेक इंग्रज लेस-कुटुंबे ऑस्ट्रेलियाला निघून गेली. टॉय बुलडॉगचा बहर 1850 नंतरच्या दशकांतला मानला, तर तोवर या वसाहतीतील बरीच माणसे तेथून उठलेली होती. कारागिरांची ये-जा पुढेही चालू राहिली असल्याने या मताला अजिबात आधार नाही असे म्हणता येत नाही. पण संपूर्ण जातीचा उगम त्यावर टांगणे धाडसाचे आहे.

दुसरे मत व्यापाराचे आहे आणि ते अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमध्ये 1859 पासून श्वानप्रदर्शने भरू लागली, 1860 नंतरच्या दशकात बुलडॉगची प्रमाणके लिहिली गेली आणि आदर्श बुलडॉग कसा असावा हे काटेकोर ठरू लागले. आकाराने लहान राहिलेली किंवा कान उभे असलेली पिल्ले प्रदर्शनासाठी निरुपयोगी ठरली. अशी कुत्री पॅरिसच्या विक्रेत्यांना विकणे इंग्रज पैदासकारांना सोयीचे होते. तेथे त्यांना गिऱ्हाईकही होते. फ्रान्समध्ये स्थानिक टेरियर व पग यांच्याशी त्यांचा संकर झाला असावा. इंग्लंडमधील अशा टाकाऊ पिल्लांतूनच पुढे एक फ्रेंच जात उभी राहिली, ही बाब इंग्रज लेखकांनी दीर्घकाळ नाखुशीने नोंदवली आहे.

स्पॅनिश उगमाचे मत वेगळे आहे. 1625 साल कोरलेल्या एका कांस्यपट्टावर आखूड तोंडाच्या कुत्र्याचे शिर व बुर्गोस या गावाचे नाव आहे. त्यावरून बुलडॉगसदृश कुत्री स्पेनमध्ये आधीपासून होती आणि फ्रेंच जात त्यांच्यापासून थेट आली, असे काही फ्रेंच लेखकांनी मांडले. एका पट्टावरून अडीच शतकांची वंशावळ सिद्ध होत नाही. शिवाय जनुकीय तुलनाही इंग्लिश नात्याकडे झुकते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातींच्या वंशवृक्षात फ्रेंच बुलडॉग हा बुलडॉग, बोस्टन टेरियर व बुल टेरियर यांच्याच शाखेत येतो. 2018 मध्ये डीव्हीएल2 या जनुकातील एक उत्परिवर्तन बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग व बोस्टन टेरियर या तिन्ही आखूड, पिळदार शेपटीच्या जातींत सामाईक आढळले. ते या जातींत स्वतंत्रपणे तीनदा उद्भवले असण्यापेक्षा समान पूर्वजाकडून आले असणे अधिक संभवते.

जातीची घडण : पॅरिसमध्ये ही कुत्री प्रथम खाटीक, कॅफेचालक, छोटे दुकानदार व देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे होती. चित्रकार तुलूझ-लोत्रेक याने माँमार्त्रमधील एका उपाहारगृहाच्या मालकिणीचे ‘बूबूल’ नावाचे कुत्रे चितारले आहे. लेखिका कोलेत हिच्याकडेही या जातीची कुत्री होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्चभ्रू घरांत तिचा शिरकाव झाला आणि फॅशन म्हणून ती युरोपभर पसरली; रशियाची राजकन्या तात्याना हिला 1914 मध्ये एका जखमी अधिकाऱ्याने भेट दिलेली ‘ऑर्तिपो’ ही कुत्री याच जातीची होती.

जातीचा पहिला क्लब पॅरिसमध्ये 1880 मध्ये स्थापन झाला. पहिली नोंदणी 1885 मधील असून 1887 मध्ये या जातीचे कुत्रे प्रथम प्रदर्शनात आले. 1898 मध्ये पहिले प्रमाणक तयार झाले आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या मध्यवर्ती श्वानसंस्थेने जातीला मान्यता दिली. पुढे 1931–32, 1948, 1986, 1994 व 2012 या वर्षी प्रमाणकात फेरफार झाले.

कानांचा वाद : इंग्लिश बुलडॉगमध्ये मागे मुडपलेला, आतली कड दाखवणारा ‘रोझ’ कान इष्ट समजला जातो आणि ताठ उभा कान हा दोष. फ्रान्समध्ये आरंभी दोन्ही प्रकार चालत. अमेरिकन पर्यटकांनी पॅरिसहून कुत्री नेली ती मुख्यतः उभ्या, रुंद बुडाच्या व गोलसर टोकाच्या कानांची. वटवाघळाशी साम्य असल्याने त्यांना ‘बॅट इअर’ असे नाव पडले. 1897 मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात इंग्रज परीक्षकाने मुडपलेल्या कानांच्या कुत्र्यांना बक्षिसे दिली. त्यामुळे संतापलेल्या मालकांनी त्याच वर्षी ‘फ्रेंच बुल डॉग क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन केला आणि केवळ बॅट कानालाच मान्यता देणारे प्रमाणक लिहिले. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टरने दोन्ही कानांसाठी वर्ग ठेवल्याचे कळताच क्लबने वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्वतःचे प्रदर्शन भरवले. एकाच जातीपुरते आणि तेही आलिशान हॉटेलात भरलेले हे प्रदर्शन वृत्तपत्रांत गाजले व जातीची मागणी वाढली. अमेरिकन केनल क्लबची (अमेरिकेतील श्वाननोंदणी संस्थेची) मान्यता 1898 मधील आहे.

इंग्लंडमध्ये प्रश्न अधिक नाजूक होता. 1893 मध्ये फ्रान्सहून काही कुत्री परत आणली गेली, तेव्हा बुलडॉगच्या पैदासकारांना आपल्या रक्तात उभे कान शिरण्याची भीती वाटली. उरलेल्या टॉय बुलडॉगसाठी 1898 मध्ये वेगळा क्लब निघाला. फ्रेंच जातीचा क्लब 1902 मध्ये. ब्रिटनच्या केनल क्लबने 1905–06 च्या सुमारास तिला स्वतंत्र जात मानले, आधी फ्रेंच नावाने व 1912 पासून ‘फ्रेंच बुलडॉग’ या नावाने. टॉय बुलडॉग मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामशेष झाला. आज तिन्ही देशांत बॅट कानच प्रमाण आहे.

शरीररचना : एफसीआयच्या प्रमाणकानुसार नराची उंची 27–35 सेंमी. व वजन 9–14 किग्रॅ., मादीची उंची 24–32 सेंमी. व वजन 8–13 किग्रॅ. असते. डोके रुंद व चौकोनी, कवटीचा माथा जवळजवळ सपाट, कपाळ फुगीर, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. छाती खोल व रुंद, पाठीची रेषा कमरेकडे किंचित चढून शेपटीकडे उतरणारी. शेपूट जन्मतःच आखूड असते, कापलेली नसते. केस आखूड, मऊ व चकचकीत.

मान्य रंग पिंगट (फॉन) या मूळ छटेचे आहेत : वाघरी पट्ट्यांसह किंवा त्यांविना, आणि कमी-अधिक पांढऱ्या ठिपक्यांचे. उंदरी, तपकिरी व काळ्यावर तांबूस खुणा असलेले रंग एफसीआय अपात्र ठरवते. बाजारात ‘दुर्मिळ’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात ते नेमके हेच. उंदरी छटेत केस गळून त्वचा आजारी होण्याचा धोका संभवतो. मर्ल हा चट्टेरी रंग जातीत मुळात नव्हता, तो संकराने आला. दोन मर्ल कुत्र्यांच्या पिल्लांत बहिरेपणा व डोळ्यांचे दोष आढळतात.

स्वभाव : माणसाळू, खेळकर, फार न भुंकणारे. एकटेपणा मानवत नाही.

आरोग्य : जातीचे बहुतेक विकार तिच्या घडणीशीच निगडित आहेत. कवटी आखूड झाली तरी आतील मऊ ऊती त्या प्रमाणात कमी झालेल्या नाहीत. त्यामुळे नाकपुड्या अरुंद, मृदू तालू लांब व जाड, नाकातील पडदे दाटीवाटीचे आणि श्वासनलिका पुष्कळदा निमुळती असते. अडथळ्यातून हवा ओढताना निर्माण होणाऱ्या दाबाने स्वरयंत्राजवळील पिशव्या बाहेर ओढल्या जातात आणि अडथळा आणखी वाढतो. घोरणे, झोपेत दचकून उठणे, जेवणानंतर फेस ओकणे ही याची लक्षणे होत. ‘या जातीत असे चालायचेच’ म्हणून मालक त्यांकडे दुर्लक्ष करतात. केंब्रिज विद्यापीठ व ब्रिटनचा केनल क्लब यांच्या 2019 पासूनच्या पद्धतीत कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवून, आधी व नंतर स्टेथॉस्कोपने श्वास ऐकून 0 ते 3 अशी श्रेणी देतात. गंभीर श्रेणीत नाकपुड्या रुंद करणे व तालू कमी करणे या शस्त्रक्रिया उपयोगी पडतात.

शेपटीला पीळ देणारी मणक्यांची विकृती छातीच्या मणक्यांतही दिसते. याशिवाय गुणसूत्र 12 वरील एफजीएफ4 जनुकाच्या जादा प्रतीमुळे मणक्यांमधील चकत्या लहान वयातच कठीण होतात. चकती सरकल्यास मागचे पाय अचानक लुळे पडू शकतात. हा तातडीचा प्रसंग समजावा. पिल्लांचे डोके मोठे व मादीची कटी अरुंद असल्याने प्रसूती बहुधा सिझेरियनने होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत हे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक होते.

आयुर्मानाचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. 2022 च्या ब्रिटिश आयुष्यसारणीत (वयानुसार मृत्यूंच्या तक्त्यात) जन्मवेळची आयुष्याची अपेक्षा अवघी 4.53 वर्षे निघाली. परंतु जातीची लोकप्रियता अचानक वाढल्याने नोंदींत तरुण कुत्र्यांचा भरणा होता आणि त्यामुळे हा आकडा खाली गेला असण्याची शक्यता आहे. 2024 च्या दुसऱ्या अभ्यासातील मध्यक 9.8 वर्षे आहे. तो वास्तवाच्या अधिक जवळचा असावा, तरी या आकाराच्या कुत्र्यासाठी कमीच.

निगा : उष्णता हा मुख्य शत्रू. कुत्रे धापा टाकून जीभ व नाकाच्या ओल्या अस्तरावाटे उष्णता बाहेर टाकते. येथे तोच मार्ग अरुंद आहे आणि श्वासाच्या धडपडीत आणखी उष्णता निर्माण होते. फिरवणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, थोडे थोडे. धाप थांबत नसेल, जीभ जांभळट झाली असेल, तर अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा व मगच पशुवैद्याकडे न्यावे. थंडीही या आखूड केसांना सोसत नाही. गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा. वजन वाढू देऊ नये, कारण घशातील चरबीने श्वास अधिकच कोंडतो. चेहऱ्याच्या घड्या व शेपटीखालची खाच पुसून कोरडी ठेवली नाही तर तेथे संसर्ग होतो. डोक्याचे वजन व आखूड पाय यांमुळे बहुतेकांना पोहता येत नाही. पाण्याजवळ नजर ठेवावी. अनेक विमान कंपन्या आखूड मुस्कटाच्या जाती विमानाच्या मालवाहू कक्षातून नेत नाहीत.

पैदाशीचे नियमन : अमेरिकन केनल क्लबच्या नोंदणीत 2022 मध्ये या जातीने लॅब्रॅडॉर रिट्रीव्हरचे सलग 31 वर्षांचे पहिले स्थान घेतले. नेदरलँड्समध्ये मात्र मुस्कटाची लांबी कवटीच्या किमान एकतृतीयांश नसेल, तर त्या कुत्र्याची पैदास 2019 पासून कायद्याने रोखली जाते. जातीतील फार थोडी कुत्री या मापात बसत असल्याने तेथील काही पैदासकार लांब मुस्कटाच्या जातींशी संकराचा मार्ग धरतात. मूळ जातीच्या क्लबांना तो मान्य नाही.