स्नॉर्केलची नळी हातभरच का?

तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना तोंडात धरायला जी नळी देतात ती हातभरही लांब नसते, साधारण 30 ते 40 सेंटिमीटर. मग चांगली दोन मीटरची नळी लावून थेट प्रवाळापर्यंत का जाऊ नये? सिनेमातला फरारी नायक तर पोकळ बोरू तोंडात धरून तळ्याच्या तळाशी खुशाल बसून राहतो!

खरं तर त्याला ते जमणार नाही. छाती मीटरभर खोल गेली की तिच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे 100 ग्रॅम जादा भार येतो. नळीतली हवा मात्र पाण्यावरच्या साध्याच दाबाची. एवढा भार रेटून छाती फुगवायची, तर धडधाकट माणसाचे स्नायूही एखाद्या श्वासापुरतेच पुरे पडतील. शिवाय अडीच सेंटिमीटर व्यासाच्या दोन मीटर नळीत जवळजवळ एक लिटर हवा मावते आणि आपला साधा श्वास असतो अर्ध्या लिटरचा. म्हणजे सोडलेली हवा नळीबाहेर पडायच्या आतच आपण ती पुन्हा ओढणार. नळी बारीक करावी, तर ओढता ओढताच दम लागतो.

तेव्हा हवी होती ती पाण्याच्याच दाबाची हवा. रुकेरोल या फ्रेंच खाण अभियंत्याने 1860 मध्ये श्वास ओढला की उघडणारी झडप बनवली आणि दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साथीने 1864 मध्ये ती पाण्याखाली नेली. तिच्या रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. जितकं खोल जाल तितका पडदा दाबला जातो आणि हवाही तितक्याच दाबाने येते. कल्पना पक्की होती, पण त्या काळच्या टाक्यांत पुरेशी हवा भरता येत नसे. त्यामुळे पाणबुड्याला बहुतेक वेळा पंपाला जोडलेल्या नळीवरच राहावं लागे.

पुढची उडी आली युद्धाच्या टंचाईतून. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी लाकूड-कोळशाच्या वायूवर चालवायची वेळ आली. त्यासाठी एमिल गान्यान या अभियंत्याने एक झडप केली होती. नौदलातल्या झाक कुस्तोने ती श्वासासाठी वापरायचं ठरवलं. जानेवारी 1943 मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी झाली. आडवं पोहताना सगळं झकास, पण उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई आणि डोकं खाली केलं की ओढूनही मिळेना. कारण उच्छ्वासाची वाट हवा देणाऱ्या झडपेपासून सुमारे 15 सेंटिमीटर दूर होती. उभं राहिलं की ती झडपेच्या वर येई, तिथे पाण्याचा दाब किंचित कमी, आणि तेवढ्या फरकाने हवा निसटे. दोन्ही तोंडं शेजारीशेजारी आणली आणि पाण्याखाली श्वास घ्यायचं ‘ॲक्वालंग’ हे साधन तयार झालं.

उच्छ्वास पुन्हा ओढला जाण्याची अडचण मात्र 2014 नंतर बाजारात आलेल्या, पूर्ण चेहरा झाकणाऱ्या स्नॉर्केल-मुखवट्यांनाही चुकलेली नाही. म्हणून त्यांत नाकातोंडाचा कप्पा वेगळा असतो, ताजी हवा डोळ्यांपुढच्या काचेवरून आत येते आणि वापरलेली कडेच्या वाटेने वर जाते. कप्प्याची कड चेहऱ्याला नीट चिकटली नाही, तर या दोन्ही हवा एकमेकींत मिसळतात.