पेट्रोल पाईप लीक वेगळा, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो वेगळा

गंगापूर रोडला आमचे एक काका राहतात, त्यांच्याकडे 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे, अजून रोज चालवतात. मागच्या उन्हाळ्यात बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास आणि कार्ब्युरेटरखाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाखाली, ओलं. एका गॅरेजवाल्याने पाईप लीक आहे म्हणून तीनदा पाईप बदलला. दरवेळी सगळं पुसून स्वच्छ करून दिल्यामुळे दोन-चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. पाईपला काहीही झालेलं नव्हतं. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, काठोकाठ भरून पेट्रोल बाहेर येत होतं, कार्ब्युरेटरच्या अंगावरून ओघळून खालून वळसा घेत येणाऱ्या पाईपला थेंब लटकत होता, आणि जिथे थेंब तिथे लीक असं सगळ्यांनी धरलं होतं. हाच घोळ मी अँबेसेडरमध्ये पाहिलाय, जुन्या पेट्रोल जीपमध्ये पाहिलाय, म्हणून आज नीट लिहितोय.

पाईप बदलणं तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. रबर कडक झालं, वाकवल्यावर चिरा दिसल्या, टोकाशी सैल झालं की बदला. फक्त एक लक्षात ठेवा, टाकीपासून एसी पंपापर्यंतच्या (इंजिनावर बसलेला, पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप, गार हवेच्या एसीशी संबंध नाही) पाईपात इंजिन चालू असताना ओढ असते, दाब नसतो, त्यामुळे तिथली चीर थेंब टाकण्याऐवजी हवा ओढते आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनच अडखळते. दाब असतो तो पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत, तोही जेमतेम 2 ते 4 पीएसआय.

आता मुख्य गोष्ट, पाईप की ओव्हरफ्लो हे ओळखायचं कसं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटर आणि पाईप कोरड्या फडक्याने अगदी खडखडीत पुसा, सांध्यांवर थोडी खडूची भुकटी भुरभुरा. मग एसी पंपाला हाताने मारायचा जो खटका असतो तो मारत राहा. सुरुवातीपासूनच हाताला काहीच जोर लागत नसेल तर पंप चालवणारा इंजिनातला कॅम पंपाला दाबून धरलेल्या जागी आहे, इंजिन हाताने थोडं फिरवून परत मारा. चेंबर भरला की त्यातला तरंगता फ्लोट वर येतो, त्याने ढकललेली सुईसारखी झडप म्हणजे नीडल आपल्या बैठकीवर म्हणजे सीटवर बसते, पेट्रोलची वाट बंद होते आणि खटका एकदम हलका, मोकळा लागतो. इथेच उत्तर आहे. खटका मोकळा झाला आणि भुकटी पाईपच्या सांध्याला भिजली तर पाईप किंवा क्लिप. खटका मोकळा होतच नाही, तुम्ही मारताय आणि पेट्रोल जातच राहतंय, वरून टॉर्च मारल्यावर कार्ब्युरेटरच्या घशात नोझलमधून पेट्रोल टपकताना दिसतंय किंवा वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून पाझरतंय, तर ती नीडल आहे, फ्लोट आहे, पाईपचा काही संबंध नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते केल्याशिवाय कोणी पाईपला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ओव्हरफ्लोची आणखी लक्षणं म्हणजे सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काजळलेले, गरम गाडी सेल्फ मारमारूनही चटकन सुरू न होणं. ऑइलची काडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला आणि लेव्हल वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका, ऑइल आधी बदला. मात्र तेच पंपाचा पडदा फाटल्यानेही होतं, तेव्हा पंपही बघून घ्या.

कारण बहुतेक वेळा साधं असतं. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीतला गंज येऊन नीडल आणि सीटच्या मध्ये बसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं की थांबतं, पण तो घरी पोचण्यापुरता उपाय. नीडलच्या टोकावर झिजून कडं पडलं असेल तर नीडल आणि सीट जोडीनेच बदलायचे, एकटी नीडल टाकणं मला अजिबात पटत नाही. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत खळखळलं तर भोक आहे. आणि कोणी हौसेने इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर कुठलीच नीडल टिकणार नाही, त्याचा दाब 40 पीएसआयच्या आसपास असतो.

कसारा घाट चढताना भर दुपारी गाडी गुदमरून बंद पडते तो व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची पाईपातच वाफ होणं, त्यात थेंब पडतच नाही, तो विषय इथे मिसळू नका.

खरंच पाईपच गेला असेल तर कृपया साबण चोळू नका, एम-सील फासू नका, फ्लेअरच्या (टोक पसरवलेल्या धातूच्या नळीच्या) सांध्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तो सांधा धातूवर धातू बसूनच बंद होतो आणि टेपचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतात. ती आतलं दिसणारी पारदर्शक नळी तर मला बघवत नाही, इंजिनाच्या उष्णतेने पिवळी पडून काडीसारखी कडक होते आणि टोकावरून निसटते. आता पेट्रोल पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतंय, जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, म्हणून आर9 (पाईपच्या दर्जाची खूण) छापलेला पाईप मागा, महाग आहे पण मी दुसरा टाकत नाही. दातेरी पट्ट्याची क्लिप रबर कापते, आतून गुळगुळीत पट्टीची क्लॅम्प घ्या. ती टोकाच्या फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे, फुगवट्यावर नाही. गाडी सुरू करून पाच मिनिटं चालवा, बंद करा, हात पुसून सांध्याखालून बोट फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर परत एकदा फिरवा.

काकांच्या गाडीला नीडल-सीटची जोडी टाकली, टाकी धुतली, आणि तो तिसऱ्यांदा बदललेला पाईप अजून तसाच आहे.