नाक कुठे आहे, हे जीपीएसला ठाऊक नसतं

"सिम्युलेटरवर विमान उडवताना माझा खरा पोर्टेबल जीपीएस शेजारी ठेवला, तर तो नकाशावर विमान दाखवेल का?" हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. उत्तर अगदी साधं आहे: नाही. खिडकीजवळ ठेवलात तर त्याला उपग्रह ऐकू येतील आणि तो प्रामाणिकपणे सांगेल, की तुम्ही टेबलापाशी बसला आहात आणि तुमचा वेग शून्य आहे. पडद्यावर तुम्ही डोंगररांग ओलांडत असलात, तरी त्याला त्याची खबर नाही.

या प्रश्नामागे एक जुना गैरसमज आहे. उपग्रह वरून आपल्याला बघतो आणि आपण कुठे आहोत ते कळवतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह फक्त बोलतात: मी अमुक, मी इथे, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. आपलं उपकरण फक्त ऐकतं. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात) ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळातली चूक थेट अंतरात उतरते. उपकरणातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, म्हणून जागेच्या तीन अज्ञातांबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात सोडवावा लागतो. त्यासाठी निदान चार उपग्रह लागतात. आणि हे सगळं किती क्षीण आवाजावर! एका वॅटचे एक अब्ज कोटी भाग केले, तर त्यातला जेमतेम एखादा भाग अँटेनापर्यंत पोचतो.

सिम्युलेटर हा आवाज काढत बसत नाही. खोटे उपग्रह-संदेश हवेत सोडणं हे प्रयोगशाळेतलं काम आहे, आणि प्रयोगशाळेबाहेर तो बहुतेक देशांत गुन्हा ठरतो. सिम्युलेटर उपकरणाला गणित घालत नाही, सरळ उत्तर हातात देतो. विमान नेमकं कुठे आहे हे त्याला माहीतच असतं. ते एका ओळीत लिहून तो केबलमधून किंवा वाय-फायवरून पाठवतो. टॅबलेटवरची नकाशा-अ‍ॅप्स अशी ओळ सहज स्वीकारतात. हातात धरायची काही पोर्टेबल उपकरणंही बाहेरून आलेली स्थिती घेतात, बरीचशी घेत नाहीत. त्यांच्यात स्वतःचा सिम्युलेशन मोड असतो. वेग आणि मार्ग भरला की नकाशावरचं विमान आपोआप सरकतं. बटणं शिकायला तेवढं पुरतं.

ही ओळ जवळून बघण्यासारखी आहे. एनएमईए ०१८३ हे तिचं जुनं रूप मूळचं नौकांवरच्या उपकरणांचं. वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे साधारण ४८० अक्षरं. ओळीची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने, मग स्वल्पविरामांनी तोडलेले वेळ, अक्षांश, रेखांश, नॉटमधला (तासाला इतके सागरी मैल असा) वेग आणि ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून प्रवासाची दिशा. गंमत अक्षांशात आहे. ४७ अंश ३०.५ मिनिटं ही जागा '४७३०.५००' अशी लिहिली जाते: आधी अंश, त्याला चिकटून मिनिटं. सिम्युलेटरच्या पोटात मात्र तीच जागा ४७.५०८३ अशी दशांश अंशांत असते.

पहिल्यांदा जोडणीचा छोटा प्रोग्राम लिहिला तेव्हा मी दशांशचिन्ह फक्त दोन घरं सरकवलं आणि ४७५०.८३ पाठवलं. उपकरणाने ते ४७ अंश ५०.८३ मिनिटं असं वाचलं. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं आणि नकाशावर ते उत्तरेकडे भलत्याच जागी होतं. किती दूर, हे मोजायला कॅलक्युलेटरही लागला नाही. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, फरक २०.३३ मिनिटांचा, म्हणजे वीस सागरी मैलांहून थोडा जास्त. उड्डाण केल्यावर चूक आणखी खुलली. उत्तरेला जाताना नकाशावरचं विमान खऱ्यापेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास वेगाने पळत होतं, कारण शंभर भागांचा अंश साठ भागांच्या अंशावर बसवला होता. नॉट आणि सागरी मैल वैमानिकांनी का सोडले नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. पृथ्वीचा गोल त्या एककांतच कोरलेला आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येतो. अनेक पोर्टेबल एव्हिएशन जीपीएसमध्ये एक पान असतं, ज्यावर कॉकपिटच्या पॅनेलसारख्या तबकड्या काढलेल्या असतात: दिशा, वेग, उंची आणि वळणदर्शकसुद्धा. जीपीएसच्या या पेटीत जायरो (कल आणि वळण ओळखणारं यंत्र) नाही, होकायंत्र नाही, हवेचा दाब मोजणारी नळी नाही. मग ती वळण कसं दाखवते?

उपग्रहाच्या संदेशाची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे. आपण त्याच्या दिशेने सेकंदाला एक मीटर सरकलो की ती सुमारे सव्वापाच हर्ट्झने वाढते. रेल्वेच्या शिट्टीचा सूर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. चार-पाच उपग्रहांचे असे बदल जुळवले की जमिनीच्या संदर्भातला वेगाचा बाण मिळतो: किती आणि कुठे. या बाणाची दिशा म्हणजे ट्रॅक. विमानाचं नाक ज्या दिशेला रोखलेलं असतं ते हेडिंग, आणि हेडिंगबद्दल या पेटीला काहीही कळत नाही. ९० नॉटने नाक नेमकं उत्तरेला ठेवलं आणि पश्चिमेकडून २० नॉटचा वारा असला, तर बाण साडेबारा अंश पूर्वेला झुकतो. पेटी तेवढंच दाखवते.

हा भेद किती महाग पडू शकतो, ते १ सप्टेंबर १९८३ ला जगाने पाहिलं. कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान ठरलेल्या मार्गाऐवजी एकाच चुंबकीय हेडिंगवर उडत राहिलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतरच अमेरिकेने जाहीर केलं, की जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुला राहील.

परत वळणाकडे. समजा ६० नॉटने उडणारं विमान सेकंदाला तीन अंश वळतंय, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण फेरी. वारा नसेल तर ट्रॅकही सेकंदाला तीन अंशच वळेल. आता २० नॉटचा वारा घाला. वारा पाठीशी असताना जमिनीवरचा वेग ८० नॉट, समोर असताना ४०. पंखांचा कल तोच, त्यामुळे बाजूला खेचणारं बलही तेच. पण तेच बल लांब बाणाला कमी वळवतं आणि आखूड बाणाला जास्त. ६० गुणिले ३ म्हणजे १८०. याला ८० ने भागा: सव्वादोन अंश. ४० ने भागा: साडेचार अंश. वैमानिकाने कंट्रोल जराही हलवलेले नाहीत, तरी पेटीचा वळणदर्शक एकाच फेरीत दुप्पट होतो आणि पुन्हा अर्ध्यावर येतो.

आणि मला खरा आनंद होतो तो पुढच्या पायरीवर. पेटी पंखांचा कल काढते ती जमिनीवरचा वेग आणि ट्रॅक वळण्याचा दर यांच्या गुणाकारावरून. ८० गुणिले सव्वादोन किती? १८०. ४० गुणिले साडेचार? तेही १८०. वळणाचा दर दोन्हीकडे चुकलेला, तरी कल दोन्हीकडे बरोबर, साधारण नऊ अंश! मधल्या टप्प्यांत बलाचा थोडा भाग वेग वाढवण्या-घटवण्यात जातो, म्हणून तिथे कल किंचित कमी दिसतो. जायरो नसलेल्या पेटीने केवळ घड्याळं ऐकून इथवर यावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण या हिशेबाला एक गृहीत आहे: विमान स्वच्छ, न घसरता वळतंय. एक पंख खाली आणि नाक बाजूला ठेवून विमान सरळ घसरत उतरत असेल, तर ट्रॅक सरळ असतो आणि पेटी म्हणते पंख समतल आहेत. विमान गिरक्या घेत खाली येत असेल तेव्हा त्या पानाकडे बघूच नये. वेगाचंही तसंच. पंखाला कळतो तो हवेतला वेग. वारा पाठीशी असताना पेटी ८० दाखवते, पण पंखाला ६०च मिळत असतात. "भरपूर वेग आहे" असं समजून कमी उंचीवर वेग घटवणं जीवघेणं आहे.

उंचीबद्दल थोडक्यात. सिम्युलेटर विमानाची भौमितिक उंची अचूक पाठवतो. खऱ्या उड्डाणात जीपीएसची उंची आडव्या स्थितीपेक्षा ढिली असते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच असतात, खालचे पृथ्वीने झाकलेले. अल्टिमीटर, म्हणजे विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, तर हवेचा दाब मोजतो. हवा प्रमाणापेक्षा दर १० अंशांनी थंड झाली की खरी उंची सुमारे चार टक्क्यांनी कमी भरते. दोन आकड्यांत फरक दिसणं स्वाभाविक आहे. इतर विमानांपासून अंतर राखायचं ते अल्टिमीटरवरूनच, कारण बाकीचेही त्यावरच उडत असतात.

जीपीएसच्या ओळींमध्ये दोन रकाने असे आहेत, जे मला फार मोलाचे वाटतात: किती उपग्रह वापरले, आणि त्यांच्या मांडणीमुळे चूक किती फुगते. म्हणजे उत्तरासोबत उत्तराची मर्यादाही येते. आकाशातल्या ग्रहांवरून माणसाचं भविष्य सांगणारे कधी असा रकाना भरत नाहीत, आणि विज्ञान व भविष्यकथन यांतला फरक मला तिथेच दिसतो. मात्र सिम्युलेटरमधून येताना हे दोन रकाने बहुधा ठरावीक आकड्यांनी भरलेले असतात. शिवाय काही जोडण्यांत टॅबलेटला हेडिंग आणि पंखांचा कलही आयता मिळतो, जो खऱ्या विमानात जायरो असलेल्या वेगळ्या उपकरणाशिवाय मिळणार नाही. सिम्युलेटरमधला जीपीएस कधीच डगमगत नाही, आणि वैमानिकाला नेमकी त्याचीच सवय लागते.

खरा जीपीएस डगमगतो. विमानाच्या धातूने अँटेनाचं आकाश झाकतं, उन्हात डॅशवर ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो. गेल्या काही वर्षांत पूर्व भूमध्य समुद्र आणि बाल्टिकच्या परिसरात जीपीएस दाबून टाकण्याचे आणि फसवण्याचे प्रकार वैमानिकांना सतत भेटत आहेत. विमानात पक्के बसवलेले प्रमाणित रिसीव्हर जास्तीच्या उपग्रहांवरून उत्तर पडताळतात. गडबड ओळखायला पाच उपग्रह लागतात, दोषी उपग्रह वगळायला सहा. म्हणूनच ढगांतून केवळ उपकरणांवर उडताना पोर्टेबल पेटीवर मदार ठेवता येत नाही, ती जोडीला असते.

सिम्युलेटरवर सराव करणाऱ्यांना मी दोन गोष्टी करायला सांगतो. वारा २० नॉटवर ठेवा, दोन मिनिटांची फेरी मारा आणि ट्रॅकचा आकडा कसा धावतो आणि रेंगाळतो ते डोळ्यांनी बघा. दुसरी गोष्ट जोडणीच्या प्रोग्राममध्ये करायची. स्थिती, वेग आणि ट्रॅक सांगणाऱ्या ओळीत वेळेनंतर एक अक्षर असतं: स्थिती ग्राह्य असेल तर 'ए', नसेल तर 'व्ही'. सिम्युलेटर कायम 'ए' पाठवतो. शेजारी बसलेल्या मित्राला सांगा, की न कळवता, उतरायला दहा मैल राहिले असताना, तीन मिनिटं 'व्ही' पाठव. नकाशावरचं विमान गोठेल किंवा नाहीसं होईल. मग गुडघ्यावरचा कागदी नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ घेऊन धावपट्टी शोधा.