‘फक्त पिस्टन द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

नायट्रो गाडीचं, म्हणजे मिथेनॉल-नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाडीचं इंजिन घेऊन येणारे बरेच जण काउंटरवर एकच मागतात: “स्लीव्ह चांगली आहे, फक्त पिस्टन द्या.” स्लीव्ह म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. आम्ही पिस्टन सुटा विकत नाही. काहींना यात दुकानदाराचा डाव दिसतो, म्हणून कारण लिहून देतो.

यातल्या बहुतेक इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह, एबीसी म्हणतात ते हेच. स्लीव्ह वरच्या टोकाला केसभर अरुंद असते. इंजिन तापलं की ती तिथे जास्त प्रसरण पावते आणि पिस्टनला नेमकी जागा मिळते. ही जोडी, म्हणजे सेट, कारखान्यातच जुळवलेली असते. झिजलेल्या स्लीव्हमध्ये नवा पिस्टन घातला, तर कॉम्प्रेशन मिळेलच असं नाही आणि पैसे मात्र जातात.

थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवलं की पिस्टन वर पोचताना घट्ट लागतो. “जाम झालं” म्हणून काही जण घरीच पॉलिश पेपर मारतात. कृपया नको! तो घट्टपणा आहे तोवर इंजिन शाबूत आहे, आणि घासून घालवलेला परत आणता येत नाही. फारच अडत असेल तर हेडला हेअर ड्रायरची ऊब द्या. गाडी थंड असताना चालते, तापली की आयडलला (उभ्या जागी मंद चालताना) बंद पडते, ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) बदलूनही तेच, आणि तो घट्टपणाही उरला नाही, तर सेट संपला समजा.

सेट अकाली झिजतो तो बहुधा एअर फिल्टरमुळे. डिचोलीकडची तांबडी धूळ असो की किनाऱ्यावरची रेती, कोरड्या फोममधून आत जातेच. फोमला तेल हवं. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, तोही आवळू नका. वंगण इंधनातच असतं, इंधन कमी म्हणजे वंगण कमी. चालत्या गाडीमागे धुराची रेघ दिसली पाहिजे.

इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये तशीच ठेवलेली गाडी चवथीला काढाल, तर बेअरिंग गंजलेलं मिळेल. टाकी रिकामी करा, आफ्टर-रन तेल (गाडी ठेवून देण्याआधी इंजिनात घालायचं तेल) घाला, पिस्टन खाली ठेवा.

सेट बसवताना कनेक्टिंग रॉड आम्ही तपासतोच, त्याचे पैसे नाहीत. नव्या सेटला ब्रेक-इन, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून सेट बसवणं, पुन्हा करावं लागतं. वेळ नसेल तर करून देतो, त्याचा आकार वेगळा. इंजिन मात्र जोडलेलंच आणा. खोलून पिशवीत आणलं की हेडखालच्या पातळ शिम्स (धातूच्या चकत्या) हरवतात, आणि दुरुस्तीपेक्षा त्या जुळवण्यातच आमचा अधिक वेळ जातो.