तिफण

तिफण हे पेरणीचे बैलांनी ओढायचे लाकडी अवजार आहे. नावाप्रमाणे त्याला तीन फण असतात. विदर्भात तिफण म्हणतात, बोलीत तिफन. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात पाभर हा शब्द चालतो. पाभर मात्र फणांची संख्या बांधून घेत नाही. दोन फणी, तीन फणी, चार फणी अशा पाभरी असतात. कर्नाटकात याच घराण्याच्या अवजाराला कुरिगे म्हणतात आणि तेलुगू मुलखात गोर्रु.

हे अवजार दख्खनच्या काळ्या जमिनीचे आणि कोरडवाहू शेतीचे. भेगाळणाऱ्या काळ्या रानात वरचा थर लवकर सुकतो आणि ओल खाली राहते. हाताने फोकलेले बी वरच पडून वाया जाते, म्हणून ते ओलीपर्यंत नेऊन ठेवावे लागते, आणि तेही ओळीत, म्हणजे पुढे बैलांनी आंतरमशागत करता येते. कोकणात आणि गोव्यात भाताची लावणी चिखलात होते, त्यामुळे तिकडे तिफणीला काम नाही.

रचना

आडव्या जाड लाकडाला दिंड म्हणतात. त्याच्या भोकांत फण ठोकून बसवलेले असतात. फणांच्या टोकाला लोखंडी फाळ असतो आणि मागच्या बाजूने प्रत्येक फणात पोकळ बांबूची नळी उतरते. सगळ्या नळ्या वर येऊन एका लाकडी वाटीच्या तळाशी मिळतात, त्या वाटीला चाडे म्हणतात. दिंडातून पुढे जाणाऱ्या दांड्या जुवाला बांधतात आणि मागे हातात धरायला रुमणे असते. लाकूड बहुतेक बाभळीचे, कारण ते चिवट असते आणि बांधावर मिळते. अवजार गावचा सुतार घडवायचा, फाळ लोहार पाजवून द्यायचा, आणि दोघांना त्याबद्दल सुगीला बलुते मिळायचे. नळ्या चाड्याशी आणि दिंडाशी दोरीने आवळलेल्या असत. खिळे किंवा स्क्रू जवळजवळ नसत. काही ढिले झाले तर दोरी पुन्हा आवळायची किंवा पाचर ठोकायची.

मूठ

खरे यंत्र चाड्यावरच्या हातात असते. पेरणारा ओटीतून मूठभर बी घेतो, मूठ चाड्याच्या तोंडावर धरतो आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडत चालतो. दाणे चाड्याच्या मध्यावर पडले तर तिन्ही भोकांत सारखे वाटले जातात. मूठ थोडी जरी एका अंगाला झुकली तरी त्या बाजूची ओळ दाट होते आणि पलीकडची पातळ. चूक त्या दिवशी कुणाला दिसत नाही. आठ दिवसांनी रान हिरवे झाले की गावभर दिसते, आणि अमक्याची मूठ चुकली हे पुढे हंगामभर ऐकावे लागते. ज्वारीला मूठ घट्ट, हरभऱ्याला सैल, बाजरीसारखे बारीक बी असेल तर बोटे जवळजवळ मिटलेली. बैल जलद चालले तर हात जलद, तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी बैल वळायला लागले की मूठ मिटायची. एक जण बैल हाकतो आणि दुसरा पेरतो. सराईत माणूस दोन्ही एकटा सांभाळतो. पेरणीला सुरुवात झाली याला मराठीत 'चाड्यावर मूठ धरली' असे म्हणतात. पेरणीयंत्रांच्या काळातही वर्तमानपत्रे हेच लिहितात, हे मला फार योग्य वाटते.

खोली आणि अंतर

नांगर आणि तिफण यांची खोली कमीजास्त करण्याची युक्ती एकच आहे, आणि ती पाहताना भूमिती शिकवल्यासारखी वाटते. जुवाची उंची बैलांच्या खांद्याइतकी, म्हणजे ठरलेली. नांगराच्या इसाडावर, म्हणजे जुवापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर, जू पुढे सरकवून बांधले तर इसाडाचा चढ कमी होतो, फाळाचे नाक खाली वळते आणि नांगर खोल जातो. जू मागे घेतले की नाक वर येते आणि नांगर वरवर चालतो. इसाडाच्या टोकाला खाचा असतात त्या यासाठीच. बैल उंच मिळाले तर तोच नांगर उथळ चालतो, म्हणून बैलजोडी बदलली की बांधणीही बदलते. बारीक फरक करायचा असेल तर इसाड जिथे नांगराच्या खोडात शिरते तिथली पाचर वरून किंवा खालून ठोकायची. तिफणीला यांतले बहुतेक काम दांड्या जुवाला बांधणारा दोर करतो. उरलेले काम पेरणारा रुमण्यावर भार देऊन किंवा उचलून धरून करतो. रब्बी ज्वारीचे बी पाच-सात सेंटिमीटर खाली ओलीत टाकायचे असते आणि बाजरीचे दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या फरकासाठी दोन बोटांचा दोर पुरतो.

ओळींमधले अंतर मात्र असे बदलता येत नाही, कारण फण दिंडाच्या भोकांत कायमचे बसलेले. ते बदलायचे म्हणजे दुसरी तिफण आणायची. बाहेरून पाहणाऱ्याला हा दोष वाटतो आणि शेती खात्याच्या जुन्या-नव्या पुस्तिकांत तो तसा नोंदवलेलाही असतो. पण पेरणीचे अंतर ही एकट्या पेरणीची बाब नसते. पुढे पिकात तण काढायला जे कोळपे चालणार (विदर्भात डवरा), त्याची पास, म्हणजे आडवे पाते, त्या ओळींच्या मधून जायची असते. तिफणीचे अंतर एका इंचाने हलले तर घरातली सगळी कोळपी निरुपयोगी होतात, नाहीतर ती रोपे कापत जातात. सुतार तिफण करतो तेव्हा कोळप्याचे माप घेऊनच करतो. ज्याच्या घरी दोन पिकांसाठी दोन तिफणी आहेत त्याच्याकडे कोळप्यांचेही दोन संच असतात. म्हणजे बदलण्याची सोय एका अवजारात न ठेवता अवजारांच्या जोड्यांत ठेवलेली आहे. पुढे जी यंत्रे आली त्यांच्या आखणीकारांना हे नेहमीच लक्षात आले असे दिसत नाही.

सरता

एकाच पेरणीत दोन पिके घ्यायची असतील तर सरता लागतो. सरता म्हणजे एक सुटी बांबूची नळी. वरच्या तोंडाला वाटी, आणि नळी दोरीने तिफणीच्या मागे बांधलेली. चाड्याचे एक भोक चिंधीने बुजवायचे आणि त्या फणाच्या काकरीत, म्हणजे त्याने पाडलेल्या चरीत, सरत्यातून तूर किंवा दुसरे बी सोडायचे. सरता धरून तिफणीमागे चालणे हे बहुतेक बाईचे काम. तिच्या हातात मुठीपेक्षा जास्त नेमकेपणा लागतो, कारण तुरीचे दाणे थोडे आणि लांब अंतरावर टाकायचे असतात. पेरणीची वर्णने लिहिताना चाड्यावरच्या पुरुषापाशी लोक थांबतात. सरत्यावरची बाई त्यांत क्वचित येते.

रासायनिक खते आल्यावर तिफणीला दुसरे चाडे जोडले गेले. एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या रब्बी ज्वारीच्या शिफारशीत हेक्टरी दहा किलो बियाणे, ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर आणि दोन चाड्यांची पाभर ही तिन्ही सोबत येतात. पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. जुन्या अवजारात थोडीशी भर घालून झालेली ही सुधारणा कुणालाही समजावून सांगावी लागली नाही.

इतिहास

ओळीत बी टाकणारी अवजारे जगात अनेक ठिकाणी वेगवेगळी जन्माला आली. मेसोपोटेमियात नांगराला पेरणीचा नळा जोडलेला असे आणि त्याची चित्रे तिथल्या मुद्रांवर आहेत. चीनमध्ये अनेक नळ्यांचे पेरणीयंत्र इसवी सनापूर्वीच वापरात होते. युरोपात याचे श्रेय इंग्लंडच्या जेथ्रो टलला देतात. १७०१ च्या सुमारास त्याने केलेले यंत्रही तीन ओळींचेच होते. पण त्यात बी मोजून सोडणारा दात्यांचा रूळ होता, मूठ नव्हती. फरक तेवढाच, आणि पुढचे सगळे त्या फरकातून निघाले.

कंपनी सरकारचा अधिकारी कॅप्टन थॉमस हॅल्कॉट याला १७९० च्या दशकात आंध्रातल्या गुंटूर भागात शेतकरी तिफणीसारख्या अवजाराने पेरताना दिसले. ओळीतली पेरणी हा युरोपचा नवा शोध आहे अशी त्याची समजूत होती. त्याने लंडनच्या शेती मंडळाला पत्रे लिहून कळवले की हे इथे जुनेच आहे.

नांगराची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. देशी लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटत नाही. हरळी-कुंद्यासारख्या तणाने भरलेल्या काळ्या रानाला सहा-आठ बैलांचा जड नांगर लागे आणि तेवढे बैल एका घरी क्वचितच असत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी धास्ती होती, त्यामुळे सुरुवातीचे मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर गेला आणि त्याचे किर्लोस्करवाडी झाले. या नांगराचा पत्रा माती उलटी पाडतो. अशा नांगरात खोली जमवायला इसाडाच्या खाचांऐवजी पुढच्या टोकाला भोकांची पट्टी आली: साखळीची कडी वरच्या भोकात अडकवली की खोल, खालच्यात अडकवली की उथळ. शेतकऱ्याला नवे काही शिकावे लागले नाही. दोराचे काम भोकांनी घेतले एवढेच.

सगळी अवजारे एकाच सांगाड्यावर

पटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली आणि तिच्यासोबत दोन चाकांचा बैलांनी ओढायचा सांगाडा पुढे आणला. ट्रॉपिकल्टर हा त्यांतला प्रसिद्ध. त्याच्या आडव्या दांड्यावर नांगर, सरीचा फाळ, पेरणीयंत्र, कोळपे, जे हवे ते पकडीने आवळायचे. अंतर आणि खोली सरकवून बदलायची. वर गाडीचा साटा ठेवला की बैलगाडी. कागदावर तिफणीचे सगळे दोष यात निघाले होते. पण सांगाड्याची किंमत घरातल्या सगळ्या लाकडी अवजारांच्या कितीतरी पट होती, आणि पेरणी चालू असताना शेजारच्या रानात कोळपायला तो उपलब्ध नसे. भारतात आणि आफ्रिकेत तो ज्यांनी घेतला त्यांतल्या बऱ्याच जणांकडे शेवटी गाडी म्हणूनच चालला. रुंद वरंब्याची कल्पना मात्र टिकली. आज सोयाबीनसाठी ट्रॅक्टरला जोडून जे 'बीबीएफ' (ब्रॉड बेड फरो) यंत्र वापरतात ते त्याच पद्धतीचे: एका फेरीत वरंबा, दोन्ही कडेला सरी, बी आणि खत. जास्त पाऊस सरीतून निघून जातो आणि ताण पडला तर सरीतली ओल कामी येते.

ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात फण चौकटीला पकडीने आवळलेले असतात. नट ढिला करून ते सरकवता येतात. मुठीची जागा खाचांच्या रुळाने घेतली आहे. जमिनीवर फिरणारे चाक साखळीने रूळ फिरवते आणि रूळ पेटीत जितका आत सरकवावा तितके बी जास्त पडते. चाक आणि रूळ बांधलेले असल्यामुळे ट्रॅक्टर हळू चालो की जोरात, तेवढ्याच अंतरात तेवढेच बी पडते. निदान कोरड्यात तरी. ओल्या रानात चाक घसरते आणि बी कमी पडते.

म्हणून शेतात जाण्यापूर्वी यंत्र जमवावे लागते. सोयाबीनचे उदाहरण घेऊ: एकरी ३० किलो बियाणे, ४५ सेंटिमीटरवर पाच फण. एका फेरीत सव्वादोन मीटर रुंदी होते, तेव्हा ४,०४७ चौरस मीटरच्या एकराला सुमारे १,८०० मीटर चालावे लागते. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात सव्वा मीटर जाते, म्हणजे एकराला चाकाचे १,४३० च्या आसपास फेरे. यंत्र उचलून धरायचे, नळ्यांखाली पिशव्या बांधायच्या आणि चाक हाताने ५० वेळा फिरवायचे. पाचही पिशव्यांत मिळून सुमारे एक किलो ५० ग्रॅम बी यायला हवे, प्रत्येकीत २१० ग्रॅम. एका पिशवीत १६० आणि दुसरीत २६० आले तर सुतळीने बांधलेल्या तिफणीने काय वाईट केले होते? रुळाची अडचण आणखी एक आहे. सोयाबीनचे टरफल नाजूक, भुईमुगाचे दाणे मोठे. दोन्ही रुळात चिरडतात आणि उगवण घटते. अशा बियांना तिरक्या तबकडीचे टोकण यंत्र बरे. तबकडीच्या प्रत्येक खाचेत एकच दाणा बसतो. चाकाच्या एका फेऱ्याला तबकडी एकदा फिरत असेल आणि तिला १२ खाचा असतील तर दाणा साडेदहा सेंटिमीटरवर पडतो, हे हरभऱ्याला पुरेसे. तबकडी बदलली की पीक बदलते.

नांगराकडे ट्रॅक्टरने जुनीच भूमिती नेली. हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरमुळे जगभर गेली. तिच्यातला वरचा दांडा फिरवून आखूड केला की नांगराचे नाक खाली जाते, लांब केला की वर येते. पलटी नांगरात जाता-येता माती एकाच बाजूला पडते, त्यामुळे रानाच्या मध्ये नाली उरत नाही.

आता बैल कमी झाले आणि पेरणी बहुतेक भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. ट्रॅक्टरवाला एका दिवसात पाच-सात जणांची रानं उरकतो. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, थोडे दिवस टिकतो, त्यामुळे त्याचा दोष नाही, पण प्रत्येक बांधावर उतरून रूळ सरकवायला त्याला वेळ नसतो. जाणता शेतकरी मग स्वतः यंत्रामागे चालतो. काकर बोटाने उकरतो, एक मीटर मोजतो आणि दाणे वेचतो. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर ३० किलोच्या हिशेबाने मीटरला २८ दाणे यायला हवेत. त्यांतले ७० टक्के उगवले की वीस रोपे, पाच-पाच सेंटिमीटरवर. पंधराच सापडले तर तो हात वर करून ट्रॅक्टर थांबवतो.