मिणमिणत्या स्फोटांचे कोडे

२५ एप्रिल १९९८ रोजी ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने गॅमा किरणांचा सुमारे अर्ध्या मिनिटाचा एक स्फोट टिपला. आकाशात त्याच जागी, जेमतेम १२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत, एक सुपरनोव्हाही, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा मरणस्फोटही, सापडला. एरवी असे स्फोट शेकडो कोटी प्रकाशवर्षांवरून येतात. हा तर अगदी शेजारचा, आणि तरीही नेहमीच्यांपेक्षा हजारो पटींनी दुबळा!

मरणाऱ्या ताऱ्यातून निघणारा अरुंद, अतिवेगवान झोत आपल्याकडे रोखलेला असला की असे स्फोट झगझगीत दिसतात. या वेळी झोत आपल्या दिशेने नव्हता, तो आपल्याला कडेने दिसला, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण मग झोत मंदावून पसरल्यावर रेडिओ लहरी उशिरा पुन्हा वाढायला हव्या होत्या. तशा त्या वाढल्या नाहीत. उलट कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुरुवातीच्याच रेडिओ निरीक्षणांत प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा पदार्थ आढळला.

खरा धागा हाती लागला तो १८ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटात. तो २,००० सेकंदांहून जास्त चालला. असे स्फोट घडवणारे तारे हायड्रोजनचे कवच गमावलेले असतात, त्यामुळे आकाराने साधारण सूर्याएवढे. ताऱ्यातून निसटणारी चमक साधारण तेवढाच वेळ टिकते, जेवढा प्रकाशाला तिच्या उगमाचा विस्तार ओलांडायला लागतो. सूर्याची त्रिज्या प्रकाश दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. २,००० सेकंदांत मात्र तो ६० कोटी किलोमीटर जातो. म्हणजे चमक ताऱ्याच्या पृष्ठभागावरून आलेलीच नाही. भोवती दूरवर पसरलेल्या विरळ आवरणातून आली असावी. मरण्याआधी ताऱ्यानेच बाहेर टाकलेला हा वायू. मला या कोड्यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो: घड्याळ लावून आवरणाची लांबी-रुंदी मोजता येते.

या आवरणात सूर्याच्या वस्तुमानाचा शंभरावा हिस्सा असला तरी पुरे. गाभा कोसळल्यावर निघालेला झोत ताऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच त्यात अडकतो, आणि त्याला मागून रेटणारे इंजिन, म्हणजे कोसळलेला गाभा, त्याआधीच थांबलेले असते. झोताची ऊर्जा मग सगळीकडे पसरून आघात तरंग बनते. दाट भागात या तरंगाचा प्रकाश कोंडलेला असतो. काठाशी वायू विरळ झाला की तो एकदम निसटतो. आपल्याला दिसते ती हीच निसटती चमक. ऊर्जा सर्व दिशांना वाटली गेल्याने ती फिकी असते, पण त्याच कारणाने कुठूनही दिसते.

५ डिसेंबर २०१७ च्या अशाच एका मंद स्फोटात सेकंदाला लाखभर किलोमीटर वेगाने उसळलेला पदार्थ वर्णपटात दिसला, आणि त्यात ताऱ्याच्या पोटातली मूलद्रव्ये होती. झोताने वाटेत ती खरवडून वर आणली, असा त्याचा अर्थ लावला जातो. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने या स्फोटाच्या कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर सुमारे १,००० दिवस लक्ष ठेवले.

असे मंद स्फोट फार दुरून दिसत नाहीत, म्हणून टिपलेल्या स्फोटांच्या यादीत हे थोडेच दिसतात. पण अवकाशाच्या ठरावीक आकारमानात मोजले तर झगझगीत स्फोटांपेक्षा यांचीच संख्या जास्त भरते. त्यांची बरीचशी ऊर्जा कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत असते. जानेवारी २०२४ मध्ये सोडलेली चीनची ‘आइन्स्टाइन प्रोब’ दुर्बीण नेमक्या त्याच किरणांत आकाशाचा मोठा पट्टा एका दमात न्याहाळते.